नारिंग, पळस आणि पेशी : फ्लेव्होनॉइड द्रव्यांच्या जैव रूपांतरणाचा इतिहास

१

एखाद्या शास्त्राचा इतिहास लिहिताना त्यातील शोधांची कालानुक्रमे यादी देणे पुरेसे नसते. त्या शास्त्राची आपल्या विषयाकडे पाहण्याची दृष्टी केव्हा व कशामुळे पालटली, हे सांगणे अधिक अगत्याचे असते. वनस्पतींतील पिवळ्या, नारिंगी व निळ्या-जांभळ्या रंगद्रव्यांच्या अभ्यासात अशी दृष्टी दोनदा पालटली आहे. आरंभी रंगद्रव्य ही झाडातून काढून घ्यावयाची एक वस्तू होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उलगडावयाची एक रचना झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वनस्पतिपेशी काचपात्रात वाढविता येऊ लागल्यावर, तीच रंगद्रव्ये जिवंत पेशीत अखंड चाललेल्या क्रियेचे निरनिराळे टप्पे होत, हे ध्यानी आले. वस्तू, रचना आणि क्रिया या तीन अवस्थांची नोंद द्रव्यांच्या नावांतही उमटली आहे. म्हणून या इतिहासाचा विचार करताना नावांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

ज्यांना आज फ्लेव्होनॉइड म्हणतात त्या द्रव्यांच्या रेणूत कार्बनचे पंधरा अणू मूलभूत सांगाड्याच्या रूपाने असतात : दोन्ही टोकांस सहा-सहा कार्बनांची वलये आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनांचा दुवा. ‘पिवळा’ या अर्थाच्या ‘फ्लाव्हुस’ या लॅटिन विशेषणावरून हे कुलनाम सिद्ध झाले. कुलातील व्यक्तींची नावे मात्र बहुधा त्यांच्या उगमस्थानावरून पडली. अमेरिकेतील एका ओकवृक्षाच्या सालीपासून मिळणारा पिवळा रंग एडवर्ड बँक्रॉफ्ट यांनी १७७५ च्या सुमारास युरोपच्या रंगाऱ्यांपुढे आणला. ओकच्या ‘क्वेर्कुस’ या लॅटिन नावावरून पुढे ‘क्वेर्सेटिन’ हे नाव आले. एंगेलबर्ट केम्फर या सतराव्या शतकातील जर्मन प्रवासी वैद्याचे नाव प्रथम एका वनस्पतिप्रजातीला मिळाले आणि तिच्याद्वारे ‘केम्फेरॉल’ या द्रव्याला. आपल्या पळसाच्या फुलातील ‘ब्यूटीन’ या द्रव्याच्या नावात पळस कोठेच नाही. पळसाच्या प्रजातीस ‘ब्यूटिया’ हे नाव ज्या स्कॉटिश सरदारावरून देण्यात आले त्या अर्ल ऑफ ब्यूटची आठवण तेवढी त्यात आहे.

या नामावलीत ‘नारिंजिन’ या शब्दाचा प्रवास सर्वांत लांबचा आहे. संस्कृत ‘नारङ्ग’ या शब्दाचे मूळ द्राविडी भाषांत असावे, असे मत आहे. तेथून तो फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ आणि आद्य ‘न’ गमावून फ्रेंच व इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला. मराठीत तो ‘नारिंग’ या फळवाचक व ‘नारिंगी’ या वर्णवाचक रूपात नांदतो आहे. १८५७ साली द व्री या डच शास्त्रज्ञास जावा बेटात पपनसवर्गीय झाडांच्या फुलांत एक कडू, स्फटिकरूप द्रव्य आढळले. त्याला पुढे याच मूळ शब्दावरून नाव मिळाले. युरोपीय उच्चारात ‘ग’ चा ‘ज’ झाल्यामुळे मराठी वाचकाला ‘नारिंजिन’ हा शब्द परका वाटतो. वस्तुतः तो दूर देशी जाऊन, वेष पालटून परत आलेला आप्तच होय. हे शब्दच प्रस्तुत इतिहासाचे सूत्र धरून ठेवतात. कारण नारिंजिन आणि त्याच्या पोटातले ‘नारिंजेनिन’ या दोन द्रव्यांभोवतीच त्यातील महत्त्वाच्या घटना घडल्या आहेत.

२

रंगद्रव्यांची रचना उलगडण्याचे कार्य स्तानिस्लाव कोस्तानेत्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १८९० नंतरच्या काळात पद्धतशीर रीतीने हाती घेतले. ‘फ्लेव्होन’ ही संज्ञा त्यांच्याच प्रयोगशाळेतून रूढ झाली व १९०४ साली त्यांनी क्वेर्सेटिन कृत्रिम रीतीने तयार केले. त्यानंतर रिशार्ड व्हिल्श्टेटर यांनी फुलांतील निळ्या-तांबड्या रंगद्रव्यांचा उलगडा केला. १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना हरितद्रव्य व इतर वनस्पतिरंगांवरील संशोधनासाठी मिळाले.

या दुसऱ्या अवस्थेत भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी लाहोर येथे असताना १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेली विक्रिया, त्याच सुमारास इंग्लंडात विल्सन बेकर यांनी स्वतंत्रपणे शोधल्यामुळे, ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या जोडनावाने ओळखली जाते. फ्लेव्होन बनविण्याचा तो आजही वापरात असलेला मार्ग आहे. वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि १९५७ ते १९६६ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. फणसाच्या व त्याच्या सगोत्र वृक्षांच्या पिवळ्या लाकडातील द्रव्यांवरही त्यांनी काम केले. वाल्टेअर व नंतर दिल्ली येथे टी. आर. शेषाद्री यांनी भारतीय वनस्पतींतील अशा द्रव्यांच्या अभ्यासाची एक परंपराच निर्माण केली.

पळसफुलांचा त्यांच्या गटाने केलेला अभ्यास येथे विशेष उद्बोधक आहे. शिमग्यात पळसाच्या फुलांचा रंग करताना पाण्यात खार किंवा चुना घातला की रंग खुलतो, हे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्याचे कारण असे की, फुलात ‘फ्लेव्हॅनोन’ या जातीचे जवळजवळ रंगहीन द्रव्य आणि ‘चाल्कोन’ या जातीचे नारिंगी द्रव्य ही दोन्ही शर्करेशी जोडलेल्या स्वरूपात असतात. या दोन जातींचे अणू तेच व तितकेच. भेद एवढाच की, फ्लेव्हॅनोनात मधले वलय मिटलेले असते व चाल्कोनात ते उघडलेले असते. क्षारामुळे वलय उघडते आणि रंग प्रकट होतो. उघडणे व मिटणे या साध्या भेदाने पुढे एका महत्त्वाच्या प्रश्नात शास्त्रज्ञांना चकविले, ते यथाक्रम येईलच.

द्रव्याला जोडलेल्या शर्करेचे महत्त्वही याच अवस्थेत पटले. नारिंजिन म्हणजे नारिंजेनिनच्या एका हायड्रॉक्सिल गटावर ग्लुकोज व ऱ्हॅम्नोज या दोन शर्करांची जोडी बसून झालेला रेणू. हॉरोविट्झ व जेंटिली या अमेरिकन संशोधकांनी कॅलिफोर्नियात दाखवून दिले की, कडूपणा या दोन शर्करा एकमेकींस कोणत्या जागी जोडलेल्या आहेत यावर अवलंबून असतो. त्याच दोन शर्करा दुसऱ्या जागी जोडल्या की द्रव्य बेचव होते. १९६३ साली त्यांनी आणखी विस्मयकारक गोष्ट प्रसिद्ध केली : मधले वलय उघडून रेणूत हायड्रोजनाची भर घातली, तर कडू नारिंजिनापासून गोड पदार्थ बनतो. रेणूच्या एका कोपऱ्यातील अल्प फरकाने कडूचे गोड व गोडाचे बेचव होते, हे कळल्यावर तो अल्प फरक हवा तेथे व हवा तसा कोण करून देईल, हा प्रश्न ओघानेच उपस्थित झाला.

३

त्या प्रश्नाचे उत्तर ज्या दिशेने आले तिचा आरंभ एका अपयशाने झाला आहे. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ गोटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध मांडला. पानांतून सुट्या केलेल्या पेशी त्यांनी पोषक द्रावणात ठेवल्या होत्या. पेशी आठवडेच्या आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, त्यांत पिष्ट साठले. परंतु एकीचेही विभाजन झाले नाही. तथापि प्रत्येक पेशीत संपूर्ण वनस्पती घडविण्याची शक्ती असली पाहिजे, ही त्यांची श्रद्धा ढळली नाही.

त्यांच्याजवळ नव्हती ती विभाजनास चालना देणारी द्रव्ये. १९३४ मध्ये फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची टोके द्रावणात अनिश्चित काळ वाढवून दाखविली. १९३९ मध्ये व्हाइट, गोतरे व नोबेकूर या तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे पेशींचे पुंज सतत वाढते ठेवण्यात यश मिळविले. १९४१ साली व्हान ओव्हरबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अतिकोवळे गर्भ वाढविण्यासाठी नारळाचा उपयोग केला. त्यांच्या इंग्रजी निबंधात ‘कोकोनट मिल्क’ असा शब्द आहे; पण त्यांनी वापरले ते मराठीत ज्याला नारळाचे पाणी म्हणतात ते, खोबरे वाटून काढलेले दूध नव्हे. कोकणातल्या कोणाही गृहिणीला न कळणारा असा हा घोटाळा शास्त्रीय वाङ्मयात बरीच वर्षे टिकून राहिला. १९५५ मध्ये मिलर व स्कूग यांनी ‘कायनेटिन’ शोधले. दोनच वर्षांनी, ऑक्सिन व कायनेटिन यांच्या प्रमाणावरून पेशींच्या गोळ्याला मुळे फुटतील की अंकुर, हे ठरते, असे दिसून आले. १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी सिद्ध केलेले पोषक माध्यम आजतागायत जगभर वापरले जाते.

भारतात दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ साली धोतऱ्याच्या परागकोशांपासून एकगुणित गर्भ मिळवून सर्वांचे लक्ष वेधून घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही ऊतिसंवर्धनाची शाखा बहरली. तेथील नाडगौडा, पाराशरामी व मस्कारेन्हस यांनी काचपात्रात वाढविलेल्या बांबूला अकाली फुले आणल्याचा वृत्तान्त १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फ्लेव्होनची रचना व पेशींचे संवर्धन हे दोन प्रवाह अशा रीतीने पाषाणच्या एकाच आवारात वाहिले. मात्र त्यांचा संगम प्रथम अन्यत्र झाला.

४

हा संगम जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे, हान्स ग्रीसेबाख व क्लाउस हाल्ब्रॉक यांच्या प्रयोगशाळेत, १९७० च्या आगेमागे झाला. त्यांनी पार्सली या कोथिंबिरीच्या कुलातील वनस्पतीच्या पेशी द्रव माध्यमात वाढविल्या. अंधारात वाढलेल्या या पेशी फ्लेव्होनॉइड द्रव्ये बनवीत नसत. त्यांच्यावर जंबुपार किरणांचा अंश असलेला प्रकाश टाकताच काही तासांत त्या द्रव्यांच्या निर्मितीस लागणारे एंझाइम, म्हणजे विक्रिया घडवून आणणारी प्रथिने, एकामागून एक प्रकट होत. अख्ख्या झाडात मूळ, खोड, पान यांच्या गुंतागुंतीत जे दिसत नव्हते ते या एकजिनसी पेशीसमूहात स्पष्ट दिसू लागले. संशोधकाच्या इच्छेने आरंभ होणारी क्रिया हाती आल्यामुळे तिचे टप्पे घड्याळ लावून मोजता आले.

या क्रियेतील मुख्य विक्रिया अशी : कुमारिक अम्लाचा एक सक्रिय अंश व मॅलोनिक अम्लाचे तीन सक्रिय अंश एकत्र येऊन पंधरा कार्बनांचा सांगाडा बनतो. हे काम करणारा एंझाइम पार्सलीच्या पेशींतून वेगळा केला असता परीक्षानळीत नारिंजेनिन मिळाले. नारिंजेनिन हा फ्लेव्हॅनोन असल्यामुळे त्या एंझाइमास ‘फ्लेव्हॅनोन सिंथेज’ असे नाव देण्यात आले. १९८० साली हेलर व हाल्ब्रॉक यांनी दाखवून दिले की, एंझाइमाच्या हातून प्रत्यक्ष निघते ते चाल्कोन. त्याचे उघडे वलय द्रावणात आपोआप मिटते, आणि संशोधकाच्या हाती मिटलेला फ्लेव्हॅनोन तेवढा लागतो. पळसाच्या रंगात जे वलय क्षाराने उघडत होते, तेच येथे कोणाच्या नकळत मिटत होते. यानंतर एंझाइमाचे नाव बदलून ‘चाल्कोन सिंथेज’ करण्यात आले.

नावातील हा बदल किरकोळ समजणे योग्य होणार नाही. पहिल्या नावात अंतिम वस्तूवरून क्रिया ओळखण्याची जुनी सवय होती. दुसऱ्या नावाने क्रियेचा नेमका क्षण पकडला. १९८३ मध्ये याच एंझाइमाच्या जनुकाची प्रत पार्सलीच्या पेशींपासून मिळविण्यात आली. फ्लेव्होनॉइडांच्या निर्मितीमार्गातील ज्यांच्या प्रती हाती आल्या त्या जनुकांत हे पहिले होय.

याच काळात म्युन्स्टर येथे व्होल्फगांग बार्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरभऱ्यासारख्या वनस्पतींच्या संवर्धित पेशींवर उलट दिशेने प्रयोग केले. पेशी ही द्रव्ये बनवितात हे ठाऊक होतेच. त्या ती मोडतातही, हे या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. तत्पूर्वी अशा द्रव्यांना वनस्पतीच्या व्यवहारातील निरुपयोगी अवशेष मानण्याचा प्रघात होता. ज्या द्रव्याची सतत घडण व मोडण चालते, त्याला अवशेष म्हणणे आता शक्य राहिले नाही.

५

पेशी द्रव्य घडविते व मोडते, तर तिला बाहेरून द्रव्य पुरवून हवा तो फेरफार करून घेता येईल काय? जैव रूपांतरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्योगाचे मूळ या प्रश्नात आहे. त्याचा पहिला मोठा दाखला फ्लेव्होनॉइडांचा नसून हृदयविकारावरील औषधांचा आहे. ट्यूबिंगेन येथे राइनहार्ड व आल्फरमान यांनी डिजिटॅलिसच्या पेशींना डिजिटॉक्सिनपासून साधलेले द्रव्य दिले. त्या पेशींनी रेणूच्या एका नेमक्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवून त्याचे अधिक उपयुक्त औषधात रूपांतर केले. हा प्रयोग पुढे शेकडो लिटरच्या पात्रांपर्यंत नेण्यात आला.

फ्लेव्होनॉइडांच्या बाबतीत सर्वांत फलदायी ठरले ते शर्करा जोडण्याचे रूपांतरण. प्रयोगाची रीत दिसावयास साधी आहे. निर्जंतुक द्रव माध्यमात पेशी हलत्या पात्रात वाढवावयाच्या, पाण्यात न विरघळणारे द्रव्य थोड्या अल्कोहोलात विरघळवून त्यांना द्यावयाचे, काही दिवस थांबून पेशी गाळून घ्यावयाच्या व त्यांतील द्रव्ये वेगळी करावयाची. पेशीच्या दृष्टीने हे आगंतुक द्रव्य बहुधा अपायकारक असते. त्याचा अपाय कमी करण्यासाठी ती त्यावर ग्लुकोजचा रेणू चढविते आणि त्याला आपल्या रिक्तिकेत साठवून ठेवते. मनुष्य ज्याला उपयुक्त पदार्थ म्हणतो तो पेशीच्या लेखी आत्मरक्षणाचा उपाय असतो.

यातील कौशल्य रसायनशास्त्रज्ञाला हेवा वाटावा असे आहे. क्वेर्सेटिनाच्या रेणूवर पाच हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांपैकी एकावरच शर्करा बसवावयाची, तर प्रयोगशाळेत उरलेल्या चारांवर आधी आवरणे घालावी लागतात व शेवटी ती उतरवावी लागतात. पेशीतील एंझाइम हे काम साध्या पाण्यात, खोलीच्या तपमानात, आवरणांवाचून करतो.

जपानी संशोधकांनी या मार्गाचा पाठपुरावा विशेष चिकाटीने केला. शिमोदा, हामादा प्रभृतींनी निलगिरीच्या प्रजातीतील एका ऑस्ट्रेलियन वृक्षाच्या पेशींना नारिंजिन व नारिंजेनिन देऊन काय होते, ते २०१० साली प्रसिद्ध केले. पेशींनी नारिंजिनातील ऱ्हॅम्नोज काढून टाकले आणि दुसऱ्या हायड्रॉक्सिल गटांवर ग्लुकोज चढविले. दिलेली शर्करा नाकारून स्वतःची शर्करा बसविणारी ही पेशी केवळ भर घालीत नव्हती. आलेल्या द्रव्याला ती आपल्या घरच्या रीतीप्रमाणे नव्याने घडवीत होती. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलेला शब्द जसा मूळ प्रत्यय टाकून नव्या भाषेचे प्रत्यय स्वीकारतो, तशाच प्रकारचा हा व्यवहार आहे.

फ्लेव्होनॉइड नसले, तरी हळदीतील कर्क्युमिनचे उदाहरण येथे नमूद करणे अवश्य आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २००३ मध्ये जपानमध्ये सदाफुलीच्या संवर्धित पेशींना ते देण्यात आले, तेव्हा त्यांनी त्यावर एकापुढे एक ग्लुकोज जोडले. चार ग्लुकोज असलेल्या द्रव्याची विद्राव्यता मूळ द्रव्याच्या सुमारे दोन कोटी पट भरली. हळदीच्या झाडाने जे केले नाही ते सदाफुलीच्या पेशींनी केले. तयार झालेली द्रव्ये निसर्गात आढळणारी नव्हती. परंतु ती घडविणारे हात मात्र निसर्गाचेच होते.

६

एवढे यश असूनही वनस्पतिपेशींवर आधारलेले उद्योग मोजकेच उभे राहिले. १९८३ च्या सुमारास जपानमध्ये शिकोनिन या तांबड्या रंगद्रव्याचे संवर्धित पेशींपासून औद्योगिक उत्पादन सुरू झाले, तेव्हा शेतांची जागा आता टाक्या घेणार, असे भाकीत अनेकांनी केले. ते फारसे खरे ठरले नाही. कारणे उघड आहेत. जिवाणूची संख्या अनुकूल स्थितीत वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होते. वनस्पतिपेशीस त्यासाठी एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत एक जंतू शिरला तरी सर्व श्रम वाया जातात. एकाच वाणाच्या पेशी पिढ्यान्‌पिढ्या वाढविताना त्यांचे गुण पालटतात, आणि पुरविलेले द्रव्य थोडे अधिक झाले तरी त्या मरतात.

शिवाय पेशीनेच आपला प्रतिस्पर्धी घडविला. पार्सलीसारख्या पेशींतून एकदा एंझाइम व त्यांची जनुके हाती आल्यावर ती अन्यत्र नेणे शक्य झाले. २००३ साली टोकियो येथील होरिनोउची यांच्या गटाने निरनिराळ्या जीवांतील जनुके एकत्र करून एका साध्या जिवाणूकडून नारिंजेनिन बनवून घेतले. नारिंगवर्गाच्या फळांशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा जीवाच्या पोटी नारिंगाचे नाव असलेले द्रव्य जन्मास आले. त्यानंतर यीस्ट व जिवाणू यांच्याकडून अशी कामे करवून घेण्याकडे संशोधनाचा कल वाढत गेला.

तेव्हा वनस्पतिपेशींच्या संवर्धनाचा हा प्रयत्न फसला, असे म्हणावयाचे काय? बाजारभावाने मोजणाऱ्यास तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा निर्णय इतिहासाला धरून होणार नाही. जिवाणूत बसविलेली जनुके कोणती व कोणत्या क्रमाने बसवावयाची, हे ज्ञान संवर्धित पेशींनीच दिले. चाल्कोन आधी की फ्लेव्हॅनोन आधी, हा वाद झाडाकडे पाहून सुटला नसता. दुसरे असे की, जिवाणू सांगितलेली विक्रिया करतो. न सांगितलेली, अनपेक्षित विक्रिया करण्याचे सामर्थ्य वनस्पतिपेशीत अधिक आहे. तिच्या ठिकाणी शर्करा जोडणाऱ्या एंझाइमांचा जो विपुल संग्रह आहे, त्यातील पुष्कळ अद्याप अपरिचित आहेत. सदाफुलीच्या पेशींना कर्क्युमिन दिल्यावाचून त्यांचे हे कसब कोणाला कळले असते?

येथे आपल्याकडील वनस्पतींचा विचार अप्रस्तुत ठरू नये. पळस, करंज, खैर, फणस यांच्यातील द्रव्यांची रचना भारतीय शास्त्रज्ञांनी मोठ्या परिश्रमाने उलगडली. परंतु रचना कळली म्हणजे वनस्पती कळली, असे होत नाही. हाबरलांट यांच्या पेशी विभागल्या नाहीत. तरीही त्यांनी पेशीला विचारलेला प्रश्न योग्य होता, म्हणून पुढच्यांना उत्तर सापडले. पळसाच्या पेशीला तिचे वलय केव्हा उघडते व केव्हा मिटते, हे विचारण्याची साधने आज उपलब्ध आहेत. लोकांनी शिमग्याच्या रंगात जे डोळ्यांनी पाहिले आणि रसायनशास्त्रज्ञांनी जे कागदावर रेखाटले, ते जिवंत पेशीत घडताना पाहणे ही या अभ्यासाची स्वाभाविक पुढची पायरी होय.